डावीकडची सात वळणं

आमच्या घरमालकीणबाई चालताना साईड देत असत. गाडीतून नव्हे, पायी. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातून त्या दुधाची किटली घेऊन निघाल्या, की कोपरा यायच्या आधी चार पावलं त्यांचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर यायचा. वळण संपेपर्यंत तो तसाच राहायचा आणि मग पदराखाली जायचा. उजवीकडे वळायचं असेल तर किटली डाव्या हातात घ्यायच्या आणि उजवा काढायच्या. मागून येणारे रिक्षावाले, सायकलवाले, भाजीची गाडी ढकलणारे, सगळे गुमान थांबत. एखाद्या नवख्यानं हॉर्न वाजवलाच, तर हात तसाच ठेवून त्या मान वळवत. "दिसतोय न्हवं हात? मग वाजीवतोस कशाला?"

सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. एकदा धीर करून विचारलं, "आक्का, पायी चालताना कशाला साईड द्यायची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो ही गोष्ट त्यांनी त्याच क्षणी मनातून खोडून टाकली असावी.

"मागनं येणाऱ्याला कळाय नको व्हय, मी कुठं जाणार त्ये?"

आक्का आता सांगलीला लेकीकडे असतात, पण त्या कोपऱ्यावर आलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

मी मूळचा चंदगडकडचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि एम.एस्सी. झालेला तर आमच्या वाडीतलाच पहिला. शाळेत असताना मुसळधार पावसात एस.टी. बंद पडली तर आमचे गुरुजी मला चार-चार दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेत. अशा अनेकांच्या पुण्याईवर मी शिकलो, हे मी विसरत नाही. विसरायचं म्हटलं तरी वडील विसरू देत नाहीत. ते गावात सांगतात, "आमच्या पोरानं करंटचं शिक्षण घेतलंय." त्यामुळे मी सुटीला गावी गेलो की ओट्यावर बंद पडलेले मिक्सर, रेडिओ आणि पाण्याच्या मोटरी येऊन बसतात. मी प्रत्येकाकडे गंभीरपणे बघतो, बोटानं एकदा टिचकी मारतो आणि म्हणतो, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम दिसतोय." लोक मान डोलावतात. आजवर माझ्या हातून त्या ओट्यावरची एकही वस्तू चालू झालेली नाही, आणि आजवर कुणी तसं तोंडावर म्हटलेलंही नाही. गाव माझ्यावर फार प्रेम करतं.

आक्कांनी मात्र असलं प्रेम केलं नाही.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आई बरोबर होती. सोप्यात एक सत्तरीकडे झुकलेली बाई लाकडी पाटावर बसून एक चक्र फिरवत होती आणि त्यावर तांब्याची केसाएवढी तार गुंडाळत होती. आम्ही नमस्कार केला. बाईनं बघितलंसुद्धा नाही. आईनं खोकून बघितलं. मी "खोलीसाठी आलोय" असं म्हटलं. चक्र फिरतच राहिलं. चांगली पाच मिनिटं आम्ही दोघं दारात उभे. मग बाई म्हणाली, "एकशे चाळीस." तार तोडली, टोक पिळलं आणि मग मान वर केली. "हां. बोला पावणं."

या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं तीस-पस्तीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. शेतावरच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या, आतली जळकी तार काढून तेवढेच वेढे मोजून नवी भरली जायची. नवरा पुढं बसून गिऱ्हाइकाशी बोलायचा. तार भरायची ती आत, आक्का. गिऱ्हाइकांना वाटायचं मालकांचा हात चांगला आहे. मालक गेल्यावर दुकान बंद झालं, पण पेठेतले पंखे आणि मिक्सर काही जळायचे थांबले नव्हते. ते सोप्यात येत.

खोली ठरल्यावर त्यांनी चहा दिला आणि आईला विचारलं, "कुठनं आलाय?"

"चंदगडाकडनं."

"लई पाऊस. तुमच्याकडच्या मोटरा बघितल्यात मी. समद्या आतनं गंजलेल्या."

आईनं हे बोलणं गावाच्या अब्रूवर घेतलं. पुढे कित्येक दिवस ती फोनवर विचारायची, "काय म्हणती तुझी गंजवाली बाई?"

मोजणं ही आक्कांची सवय होती, की त्यांचा श्वासच तो होता, मला सांगता येणार नाही. चहा ढवळताना मोजत. चटणी कुटताना मोजत. मधेच कुणी बोललं तर बोट वर करत, आणि आकडा पुरा झाल्यावर उत्तर देत. माझ्या खोलीत येताना त्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजत. पूर्वी मनात मोजायच्या, शेवटच्या वर्षात मोठ्यानं मोजू लागल्या. "बारा, तेरा, चौदा," असं ऐकू आलं की मी पसरलेले कपडे गोळा करायचो. वय झालं की माणसाची सनक वाढते, असा मी निष्कर्ष काढला होता. असे निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट त्यांचा नियम. आधी बघ, मग सांग, मग हात लाव. बिघडलेल्या वस्तूला हात लावायच्या आधी ती काय करतेय हे मोठ्यानं सांगावं लागे. माझ्या खोलीतला पंखा बंद पडला तेव्हा मी टेस्टर, पक्कड आणि स्टूल घेऊन तयार झालो. आक्का दारात.

"काय दिसतंय?"

"पंखा बंद आहे."

"आनि?"

"आणि बहुतेक कॅपॅसिटर गेलाय."

"त्ये तुला दिसतंय?"

"नाही. अंदाज."

"अंदाज नगं. दिसतंय काय?"

असं दहा मिनिटं चाललं. शेवटी मला दिसलं की पंखाच नव्हे, ट्यूबही बंद आहे, आणि ट्यूबच नव्हे, सगळ्या बोळातली वीज गेली आहे. तेव्हापासून मी 'पावणं'चा 'मास्तर' झालो. ही बढती नव्हती.

शेवटच्या वर्षात हा नियम फारच कडक झाला. कॉइलवरचा नंबर मी वाचून दाखवायचा, तारेचं टोक कुठं आहे ते मी सांगायचं, मिक्सरचा कुठला स्क्रू गेलाय ते मी सांगायचं. मला वाटायचं, त्या मला घडवत आहेत. मी मनातून कृतज्ञही होतो. आपल्याला सगळीकडे गुरू भेटतात, असं मी माझ्या डायरीत लिहूनही ठेवलं होतं.

मग मी गाडी घेतली. जुनी, पंधरा वर्षांची, कॉलेजातल्याच एका सहकाऱ्याची, पण चारचाकी. आमच्या घराण्यातली पहिली. वडिलांनी फोनवर गाडीचा नंबर लिहून घेतला. दसऱ्याला मी ती धुतली, हळदकुंकू लावलं, पुढं झेंडूचा जाडजूड हार घातला आणि आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. आई म्हणाली, "पुढं घातलास, मागं काय पाप केलंय? बेंदराला बैल शेपटीपतोर सजीवतोस न्हवं?" म्हणून मागंही हार घातला. आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "लगीन लावतोस काय गाडीचं?"

दिवाळी झाली आणि गाडीचा डावा इंडिकेटर बिघडला.

कधी लागायचा, कधी नाही. लागला तर समोरच्या काट्यांजवळचा हिरवा बाण भयंकर घाईनं उघडझाप करायचा. मी इंटरनेटवर वाचलं, की असं झालं तर बल्ब गेलेला असतो. नवा बल्ब आणला. गाडीच्या पुढे उभं राहून डाव्या हाताचा दिवा उघडला, जुना बल्ब काढला, नवा बसवला. इंडिकेटर तसाच. दोन दिवसांनी लक्षात आलं, की गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की माझा डावा तो गाडीचा उजवा. मी एक उत्तम चालणारा बल्ब बदलला होता. दिशा आणि निर्देशक हा माझा आवडीचा धडा आहे.

मग खरा डावा बल्ब बदलला, नंतर फ्लॅशर. इंडिकेटर ज्याच्यामुळं उघडझाप करतो, ती ही लहानशी डबी. काही फरक नाही. मग सगळे फ्यूज एकेक करून काढून बघितले आणि परत बसवले. त्यानंतर इंडिकेटर तसाच राहिला, पण गाडीतलं घड्याळ बंद पडलं. शेवटी गाडी लांबच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथं डावा इंडिकेटर इतका सुंदर लागला, की गॅरेजवाला माझ्याकडे बघतच राहिला. "काय झालंय म्हणताय हिला?" मी ओशाळून परत आलो. बोळाच्या तोंडाशी तो पुन्हा बंद.

आमच्या नाक्यावर एक चाचा गाड्यांची वायरिंग करत. मी त्यांच्याकडे गेलो. ते गाडीकडे आले, बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ही आक्काच्या अंगणात असती ती न्हवं?"

"हो."

"मग माफ करा मास्तर. आक्कानं सांगून ठेवलंय, ह्या गाडीला हात लावू नगंस, मास्तरलाच करू दे म्हणून."

"पण चाचा, पैसे देऊन काम करून घेतोय ना मी."

"मी काम शिकलो तिच्या दुकानात. तिनं म्हटल्यावर मी सोताच्या गाडीलाबी हात लावणार न्हाय."

मला राग आला. पण तेव्हा तो राग फक्त बल्ब, फ्लॅशर आणि घड्याळ यांच्यापुरता होता. शुक्रवारी सांगलीहून आक्कांच्या लेकीचा फोन आला आणि प्रकरण बदललं.

"सर, सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. ती तुम्हाला बोलली नसेल."

बोलल्या नव्हत्या.

"उजव्या डोळ्यानं तिला आता काही दिसत नाही. डाव्यानं नुसतं धुरकट. दोनदा तारीख घेतली. एकदा म्हणाली, शेजारणीचा मिक्सर उघडून ठेवलाय. दुसऱ्यांदा मी न्यायला आले तर कुलूप लावून चाचांच्या घरी जाऊन बसली. डॉक्टर म्हणालेत, आता लांबवलं तर फार पिकेल आणि अवघड होईल. मी सोमवारी परस्पर दवाखान्यात येते. तुम्ही फक्त तिला आठ वाजता पोचवा. ती तुमचं ऐकते."

शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. मी फोन ठेवला आणि खाटेवर बसलो. जिन्याच्या चौदा पायऱ्या, कॉइलवरचे नंबर, तारेचं टोक, हरवलेला स्क्रू. आधी बघ, मग सांग. वर्षभर मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, त्यांचे डोळे होतो. आणि एवढं जवळ राहून मला तेवढंच दिसलं नव्हतं. डायरीतलं ते वाक्य मी खोडलं नाही, पण बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

खाली गेलो. आक्का लसूण सोलत होत्या.

"आक्का, सोमवारी आठला निघायचं."

"कळलं व्हय तुला?" त्यांनी पाकळ्या मोजायचं थांबवलं नाही. "सव्वीस. गाडीचा डावा लागतोय काय?"

"नाही अजून."

"मग मी न्हाय येत. साईड न देणाऱ्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय."

"मग रिक्षानं जाऊ."

"रिक्षावालं साईड देत्यात व्हय? पाय भाईर काढत्यात."

"चाचांना सांगा ना मग. दहा मिनिटांत करतील."

"गाडी तुझी, डिग्री तुझी. तू कर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या घाबरल्या होत्या. ज्या बाईनं चालू मेन स्विचवर काम केलं होतं, ती डोळ्याला कुणी हात लावणार म्हणून घाबरली होती, आणि लपायला तिनं माझा इंडिकेटर शोधला होता. मास्तरलाच करू दे, म्हणजे होणारच नाही, इतका भरवसा माझ्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता. मी बल्ब बदलत बसलो असतो आणि तिसरी तारीखही गेली असती.

"आणि सोमवारच्या आत केला तर?" मी विचारलं.

आक्कांचे हात थांबले. "केलास तर यीन की," त्या म्हणाल्या. आवाज जरा बारीक होता.

शनिवारी मी कॉलेजातून मल्टिमीटर आणला आणि त्याचे आकडे वहीत लिहिले. आकडे सुबक होते, त्यातून काही निघालं नाही. रविवारी सकाळी मी आक्कांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला जमत नाही. तुम्ही विचारा, मी सांगतो."

त्यांना गप्प बसता आलं असतं, सोमवार आपोआप गेला असता. पण बिघडलेली वस्तू आणि 'विचारा' म्हणणारा माणूस समोर असताना गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उठल्या, फडताळातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून टेस्ट लॅम्प काढला. साधा होल्डर, त्यात बल्ब, त्याला दोन वायरी. अंगणात गाडीच्या मागं खुर्ची टाकून बसल्या.

"डावा चालू कर. काय ऐकू येतंय?"

"टिकटिक. जलद. कारण करंट कमी झाला की..."

"कारण परीक्षेत लिही. आता ब्रेक दाब."

ब्रेक दाबून मागं येऊन बघणं एकट्याला जमेना. शेवटी आईनं गावाहून दिलेली लांब दांड्याची छत्री सीट आणि पेडलच्या मधे अडकवली आणि मागं आलो.

"काय दिसतंय?"

"ब्रेकचा लाल दिवा लागलाय, पण मंद. पिवळा लागतोय, तोही मंद. आणि..." मी वाकलो. "पिवळा लागला की लाल आणखी बारीक होतो."

"उजवीकडं?"

"उजवीकडं दोन्ही लख्ख."

"म्हंजे डावीकडं दोघंबी एकदम आजारी. दोघांचं येगळं काय काय हाय?"

"बल्ब वेगळे. फ्यूज वेगळे. येणाऱ्या वायरी वेगळ्या."

"आनि एक काय हाय?"

मी उभा राहिलो. हा प्रश्न मी दरवर्षी घटक चाचणीत घालतो. दोन दिवे, समाईक तार, परिपथ पूर्ण होतो की नाही ते सकारण सांगा. चार गुण. सकारण न लिहिणाऱ्या मुलांवर मी वर्गात लांबलचक बोलतो.

"अर्थिंग," मी म्हणालो.

"दिव्यापतोर करंट येतोय का, एवढंच समदी बघत्यात. तिथनं माघारी कुठनं जातोय त्ये कोण बघत न्हाय. बघ."

बॅटरीच्या प्लसवरून लांब वायर आणली, तिला टेस्ट लॅम्पचं एक टोक जोडलं. दुसरं डिकीतल्या उघड्या पत्र्याला टेकवलं. लॅम्प लख्ख लागला. मग तेच टोक दिव्याकडून निघणाऱ्या काळ्या वायरीला टेकवलं. बल्बमधली तार नुसती लालसर झाली.

"काळी वायर पत्र्याला नीट भिडलेली नाही," मी सांगितलं.

"मग जा तिच्या मागनं. कुठं जाती?"

डिकीचं अस्तर मी ओढून बाजूला केलं. काळी वायर आत कोपऱ्यात जात होती आणि एका बोल्टखाली संपत होती. मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं.

"काय दिसतंय?"

"बोल्ट आहे."

"आनि?"

"गंज आहे. वायरीच्या टोकाला हिरवं हिरवं चढलंय."

"आनि?"

"दोरा आहे."

"कसला दोरा?"

त्या नियमाच्या सगळ्या इतिहासात पहिल्यांदा मला जे दिसत होतं ते सांगावंसं वाटत नव्हतं. दसऱ्याला मागचा हार बांधायला जागा सापडेना, तेव्हा मी डिकी उघडून आतला एक सोयीचा बोल्ट हेरला होता. पान्यानं सैल केला, हाराचा ओला दोरा त्याच्याभोवती दोन वेढे गुंडाळला, वायर आणि पत्रा यांच्या बरोबर मधे, आणि बोल्ट घट्ट आवळला. आपण किती व्यवस्थित काम केलं, असंही मला तेव्हा वाटलं होतं. नंतर फुलं ओढून काढली. दोरा राहिला. दोऱ्यात पाणी राहिलं.

"मास्तर, कसला दोरा?"

"झेंडूचा," मी म्हणालो. "दोन पाकळ्यापण आहेत."

आक्का हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. भिंतीपलीकडून शेजारीण विचारू लागली, काय झालं, काय झालं. "काय न्हाय गं," आक्का श्वास घेत म्हणाल्या, "मास्तरच्या गाडीला आतनं फूल लागलंय."

दोरा कापला, पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. वायरीचं कुजलेलं टोक हातातच तुटलं, तेव्हा नवा तुकडा घेतला, जुन्याला पिळला, वर चिकटपट्टी गुंडाळली, बोल्ट आवळला. डावा इंडिकेटर लागला. सावकाश, शहाण्या माणसासारखा. आक्का उठून डिकीपाशी आल्या, वाकल्या आणि माझ्या जोडावरून बोटं फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हं," म्हणाल्या, आणि बोटं पदराला पुसली.

मला वाटलं, शाबासकी द्यायची त्यांची ती रीत असेल. मी संध्याकाळी वडिलांना फोन करून सांगितलं, की एक अवघड फॉल्ट शोधला. झेंडूचं सांगितलं नाही.

सोमवारी पावणेआठला आक्का पुढच्या डाव्या सीटवर बसल्या. नवी साडी, मांडीवर पिशवी. गारठा होता, धुकंही होतं. मी त्यांच्या बाजूची काच वर केली. त्यांनी खाली केली.

"गार लागेल, आक्का."

"लागू दे."

काच पुरी खाली, डावा हात खिडकीवर, डोळे मिटलेले. पहिल्या डाव्या वळणाला मी इंडिकेटर दिला. टिक, टिक, टिक. त्यांचे ओठ हलले. दुसऱ्याला पुन्हा हलले. सरळ रस्त्याला नाही, उजव्या वळणालाही नाही. मला वाटलं, अंबाबाईचं नाव घेतायत. मन भरून आलं. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं.

दवाखान्याच्या फाटकात वळलो तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे उघडले. लेक दारातच उभी होती. तिनं हात धरायला पुढं केला. आक्का तिला म्हणाल्या, "धरू नगंस. पायऱ्या किती हाईत तेवढं सांग."

ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभर त्या काळा चष्मा लावून सोप्यात बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल ते सांगत सुटल्या. तुझी वेणी पांढरी झाली गं. तू जाड झालास रं. चाचा तर दोन दिवस त्या बोळातून गेलेच नाहीत.

एका रविवारी मी गाडी पुसत होतो. आक्का आल्या, हातात पक्कड. चष्मा काढलेला.

"डिकी उघड."

उघडली. त्यांनी अस्तर बाजूला सारलं, आत वाकून बघितलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"ह्ये कुणी केलंय?"

"मी. तुमच्यासमोरच की."

"माझ्यासमोर व्हय. मला दिसत कुठं हुतं?" हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं, तेही माझ्या चिकटपट्टीचे वेढे सोडवता सोडवता. पक्कडीनं माझा जोड कापला, तार सोलली, नवं टोक आवळून बसवलं आणि बोल्टखाली घातलं. हे सगळं होईपर्यंत माझा फडक्याचा हात हवेतच होता.

"पण आक्का, तुम्ही त्या दिवशी बोटानं चाचपलं होतं. काही बोलला नाहीत."

"बोटाला कळलंतं. आत तार सैल हुती."

"मग बसलात कशाला गाडीत?"

"केलास तर यीन म्हटलंतं. शब्द दिलाता." त्यांनी बोल्ट आवळला. "आनि दवाखान्यापतोर डावीकडची सात वळणं. तेवढी निघतील म्हटलं."

म्हणजे अंबाबाई नव्हे. वाटेतल्या प्रत्येक डाव्या वळणाला त्या माझा जोड मोजत होत्या.

"आणि नसता टिकला तर?"

आक्का सरळ उभ्या राहिल्या. पक्कड उजव्या हातात घेतली आणि डावा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला, त्या दिवशी गारठ्यात उघड्या खिडकीवर ठेवला होता तोच.

"हात हाय की."